जुना ड्वार्फ, नवा ड्वार्फ: २०१४ आणि २०२४च्या रेस ताडून बघताना नेमकं कुठे चुकतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकून, कॅरेक्टर रंगवत खेळायच्या खेळाचं २०२४चं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) आल्यापासून आमच्या दादरच्या टेबलावर एक भांडण ठरलेलं आहे. कोणीतरी जुनं आणि नवं पुस्तक शेजारी शेजारी उघडतं, ड्वार्फ या रेसवर (रेस म्हणजे ड्वार्फ, एल्फ, ह्युमन असा कॅरेक्टरचा प्रकार) बोट ठेवतं आणि म्हणतं, "बघ, कॉन्स्टिट्यूशनचे +२ गेले. चुना लावला आपल्याला." दुसरा म्हणतो, "अरे, पण अंधारात दिसायचं डार्कव्हिजन दुप्पट झालंय की!" दोघांनीही नीट वाचलेलं असतं आणि दोघंही चुकीच्या गोष्टी ताडत असतात.

जुन्या पुस्तकात ॲबिलिटी स्कोअरची (स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन अशा सहा क्षमतांच्या आकड्यांची) वाढ रेसमधून यायची. नव्यात ती बॅकग्राउंडमधून, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातून, येते. त्यामुळे जुन्या रेससमोर नुसती नवी रेस ठेवली तर तराजूचं एक पारडं अर्धं रिकामंच राहतं. समोर ठेवायची ती नवी रेस अधिक नवं बॅकग्राउंड. खालचे टप्पे याच हिशोबाने लावलेत. क्रम मोडलात तर आकडे चुकतात. माझेही चुकलेत, ते पुढे येईलच.

## आधीची तयारी

दोन्ही नियमांचा मजकूर हाताशी हवा. पुस्तकं महाग आहेत, पण तुलनेसाठी ती विकत घ्यायलाच हवीत असं नाही. जुन्या नियमांचा एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे नियमांचा संक्षेप) ५.१ आणि नव्यांचा एसआरडी ५.२ हे दोन्ही दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. फक्त रेसची पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ५.१ मध्ये प्रत्येक रेसचा एकच उपप्रकार आहे, म्हणजे हिल ड्वार्फ आहे, माउंटन ड्वार्फ नाही. ५.२ मध्ये आसिमार नाही, आणि पुस्तकातल्या १६ बॅकग्राउंडपैकी फक्त ४ आहेत: ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर.

शिवाय एक कोरी कॅरेक्टर शीट (कॅरेक्टरचे सगळे आकडे लिहायचा कागद), पेन्सिल, खोडरबर आणि शाळेतली गणिताची चौकटीची वही. एक चौकट म्हणजे ५ फूट.

शब्दांचंही आधीच ठरवून घ्या. नव्या पुस्तकात रेसला स्पीशीज म्हटलंय. टेबलावर आम्ही अजून रेसच म्हणतो, या लेखातही तेच. मराठी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका. आमच्यातल्या एकाने भर गर्दीच्या लोकलमध्ये फोनवर "तुझी जात कोणती ठरली?" असं विचारलं होतं, आणि पुढची दोन स्टेशनं डब्यातलं कोणी त्याच्याकडे नीट बघेना. दुसरं, अंतराला 'फूट' म्हणा आणि फीट हा शब्द कॅरेक्टरला मिळणाऱ्या खास कौशल्यासाठी राखून ठेवा. शीटवर "३० फीट" लिहिलं की नवखा माणूस गोंधळतोच.

## टप्पा १: कशाची तुलना करताय ते डीएमकडून (खेळ चालवणाऱ्याकडून) वदवून घ्या

तीन शक्यता असतात.

पहिली: सगळं जुनंच चालू राहणार. मग हा लेख मिटवून चहा घ्या.

दुसरी: क्लास (क्लेरिक, विझर्ड असा कॅरेक्टरचा पेशा) नवा, पण रेस जुनी ठेवायची. याला नव्या पुस्तकातच परवानगी आहे. अट अशी की जुन्या रेसमधली ॲबिलिटी स्कोअरची वाढ धरायची नाही, बॅकग्राउंडचीच धरायची. बॅकग्राउंडही जुनं असेल तर आवडीच्या एका स्कोअरला +२ आणि दुसऱ्याला +१ घ्या, किंवा तीन स्कोअरना प्रत्येकी +१, आणि त्यात फीट नसेल तर एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारं खास कौशल्य) निवडा.

तिसरी: रेस, क्लास, बॅकग्राउंड, सगळं नवं.

चौथीही असते, ती म्हणजे खिचडी: नवी रेस, जुना क्लास, जुनं बॅकग्राउंड आणि "बघू पुढे". यात वाढ कुठूनच येत नाही. खेळणाऱ्याला ते तिसऱ्या लेव्हलला कळतं, आणि मग रुसवे.

सावधान: क्लास आणि रेस एकाच दमात बदलत असाल तर दोन वेगळे कागद करा. नाहीतर क्लासमधला तोटा बिचाऱ्या रेसच्या नावावर लिहिला जातो.

## टप्पा २: जुन्या शीटवरून रेसचे आकडे सोलून काढा

या टप्प्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून घाई नको.

शीटवरचा आजचा स्कोअर घ्या. त्यातून चौथ्या, आठव्या वगैरे लेव्हलला मिळालेली वाढ वजा करा. मग रेसची वाढ वजा करा. जे उरेल ते मूळ आकडे. स्टँडर्ड ॲरे (आकड्यांचा ठरलेला संच) वापरला असेल तर १५, १४, १३, १२, १०, ८ हेच सहा आकडे मिळायला हवेत आणि त्यांची बेरीज ७२ यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका.

रेसची वाढ पुस्तकात बघून वजा केली तर फसाल. २०२० पासून नियमात मुभा होती की ही वाढ हव्या त्या स्कोअरवर न्यायची. २०२२ मध्ये पुन्हा लिहिलेल्या तीसहून अधिक रेसमध्ये तर ठरलेली वाढ उरलीच नाही. त्यामुळे २०२१ साली बनवलेल्या ड्वार्फ विझर्डचे +२ कॉन्स्टिट्यूशनमध्ये असतीलच असं नाही, इंटेलिजन्समध्येही बसलेले असतील. ते खेळणाऱ्यालाच विचारा. त्याला आठवत नसेल तर ७२ची बेरीज वापरून मागे मागे जा.

तपासा: जुन्या शीटची पहिल्या लेव्हलची बेरीज हिल ड्वार्फ किंवा टीफ्लिंगला ७५, माउंटन ड्वार्फ आणि हाफ-एल्फला ७६, साध्या ह्युमनला ७८ येते. पॉइंट-बाय (ठरावीक गुण खर्चून स्कोअर घेणं) केलं असेल तर ७२ विसरा आणि मूळ आकड्यांची स्वतःची बेरीज कोपऱ्यात लिहून ठेवा.

## टप्पा ३: बॅकग्राउंड आधी, रेस नंतर

नव्या नियमात प्रत्येक बॅकग्राउंडला तीन स्कोअर ठरवून दिलेत. त्या तिघांतच +२ आणि +१, किंवा तिघांना प्रत्येकी +१. सोबत एक ओरिजिन फीट. म्हणून जुन्या रेसची जागा कोण घेणार याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं.

आमचाच दाखला देतो. आमच्या टेबलावरच्या डोंबिवलीवाल्याचा हिल ड्वार्फ क्लेरिक, पाचवी लेव्हल. मूळ आकडे: स्ट्रेंग्थ १३, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विझ्डम १५, करिझ्मा १२. जुन्या हिशोबाने कॉन्स्टिट्यूशन १६, विझ्डम १६ आणि चौथ्या लेव्हलचे दोन धरून १८. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) पहिल्या लेव्हलला ८ + ३ (३ हा कॉन्स्टिट्यूशन १६चा मॉडिफायर, म्हणजे स्कोअरमुळे मिळणारी भर), पुढच्या चार लेव्हलना ५ + ३ प्रमाणे ३२, असे ४३. त्यावर हिल ड्वार्फचा लेव्हलमागे एक. एकूण ४८.

क्लेरिक म्हटल्यावर त्याने डोळे मिटून ॲकोलाइट निवडलं. ॲकोलाइटचे तीन स्कोअर म्हणजे इंटेलिजन्स, विझ्डम, करिझ्मा. कॉन्स्टिट्यूशन त्यात नाहीच! विझ्डम १७ झालं आणि चौथ्या लेव्हलला १९. पण १९चा मॉडिफायर १८चाच, म्हणजे +४. तिकडे कॉन्स्टिट्यूशन १४वरच राहिलं आणि हिट पॉइंट ४८चे ४३ झाले. मॅजिक इनिशिएट ही फीट मिळाली हे खरं, पण क्लेरिकला क्लेरिकचीच आणखी दोन कॅन्ट्रिप (हव्या तितक्या वेळा टाकता येणारी छोटी जादू) आणि एक स्पेल. "नवा ड्वार्फ बेकार आहे," असा निकाल त्याने तिथल्या तिथे लावून टाकला.

मग फार्मर घेऊन पाहिलं. त्याचे स्कोअर स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, विझ्डम. कॉन्स्टिट्यूशनला +२ म्हणजे १६, विझ्डमला +१ म्हणजे १६ आणि पुढे १८. जुन्या शीटवरचेच आकडे परत आले. वर टफ ही फीट, म्हणजे लेव्हलमागे दोन हिट पॉइंट. ४८चे ५८. ड्वार्फ तोच, क्लास तोच, नुसतं बॅकग्राउंड बदललं की ४३ आणि ५८ एवढा फरक. मग आधीचा निकाल ड्वार्फविरुद्ध होता की ॲकोलाइटविरुद्ध?

आता माझी चूक. फार्मरचे आकडे चढवताना मी जुन्या ड्वार्फचे +२ आणि +१ खोडलेच नव्हते. कॉन्स्टिट्यूशन १८, हिट पॉइंट ६३. दोन रविवार तो क्लेरिक भिंतीसारखा उभा होता आणि मी एन्काउंटर, म्हणजे लढाया, वाढवत बसलो होतो. त्याच्या शीटवर जुनी हिल ड्वार्फची टफनेस आणि नवी ड्वार्व्हन टफनेस दोन्ही लिहिल्या असत्या तर आणखी पाच वाढले असते. नाव जवळजवळ तेच असल्याने तीही चूक सहज होते.

तपासा: स्टँडर्ड ॲरेवर नव्या कॅरेक्टरची बेरीज पहिल्या लेव्हलला ७५च यायला हवी, रेस कोणतीही असो. चौथ्या लेव्हलला दोन स्कोअर घेतले असतील तर ७७. माझ्या चुकलेल्या शीटवर ८० होती. पहिल्याच दिवशी बेरीज केली असती तर दिसलं असतं.

## टप्पा ४: उरलेले गुण तीन रकान्यांत टाका

आकडे बाजूला झाले की उरतात रेसचे खरे गुण. कागदावर तीन रकाने आखा: तसंच आहे, बदललं, गेलं. नवीन आलेलं 'बदललं'मध्येच लिहा, चौथा रकाना लागत नाही. नव्या पुस्तकात न दिसणारी गोष्ट डोळ्याला खुपत नाही, म्हणून 'गेलं' हा रकाना जुनं पान समोर ठेवून भरा.

ड्वार्फमध्ये विषाविरुद्धचा टणकपणा तसाच आहे. वेग २५ फुटांचा ३० झाला, म्हणजे वहीवर पाच चौकटींऐवजी सहा. डार्कव्हिजन ६०चं १२० फूट. लेव्हलमागे एक हिट पॉइंट आता सगळ्याच ड्वार्फना. स्टोनकनिंग हे नाव तेच, काम साफ वेगळं. पूर्वी दगडी बांधकामाच्या इतिहासाबद्दल चेक करताना उपयोगी पडायचं. आता बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) खर्चून दगडावर उभं राहिलं की १० मिनिटं ६० फुटांपर्यंतची जमिनीची थरथर कळते, आणि हे प्रोफिशियन्सी बोनसाएवढ्या (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा, पाचव्या लेव्हलला ३) वेळा करता येतं.

आता 'गेलं'. कुऱ्हाडी आणि हातोड्यांचं प्रशिक्षण गेलं. माउंटन ड्वार्फचं लाइट आणि मिडियम आर्मर गेलं. हाफ प्लेट घालून फिरणारा जुना ड्वार्फ विझर्ड नव्या नियमात तसाच आणलात तर त्याला त्या आर्मरमध्ये स्पेलच टाकता येणार नाही. आणखी एक बारीक वाक्य गेलंय, ते कोणाच्याच लक्षात येत नाही: जड आर्मरने ड्वार्फचा वेग कमी होत नसे. आता होतो. आमच्या क्लेरिकची स्ट्रेंग्थ १३. चेन मेलला ती पुरते, प्लेटला १५ लागते. म्हणजे प्लेट घातली की ३० फुटांचे २० होणार, जुन्या ड्वार्फच्या २५पेक्षाही कमी.

एल्फमध्ये हाय, वुड आणि ड्राउ या तिन्ही शाखांना तिसऱ्या आणि पाचव्या लेव्हलला एकेक स्पेल मिळतं. हाय एल्फला पाचवीला मिस्टी स्टेप, आणि कॅन्ट्रिपही लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) बदलता येते. ड्राउला उन्हाचा त्रास होत नाही, हे एकच वाक्य त्या रेसचं नशीब पालटणारं आहे. किन सेन्सेसमध्ये पर्सेप्शनची सक्ती गेली, इनसाइट किंवा सर्व्हायव्हलही घेता येतं. तलवार आणि धनुष्य मात्र गेले.

नोमच्या बाबतीत पानं वरवर वाचू नका. इंटेलिजन्स, विझ्डम आणि करिझ्माच्या सेव्हिंग थ्रोवर (संकटातून वाचायला टाकायच्या फाशावर) ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) पूर्वीही होता, पण फक्त जादूविरुद्ध. "जादूविरुद्ध" एवढाच शब्द निघाला आहे आणि त्यामुळे नोम कितीतरी भारी झालाय.

टीफ्लिंगला आता तीन वारसे आहेत. जुन्याशी जवळचा म्हणजे इन्फर्नल. मोठा फरक हा की रेसमधून मिळालेली स्पेल्स आता दिवसातून एकदा फुकट तर आहेतच, वर स्वतःचे स्पेल स्लॉट खर्चून पुन्हाही टाकता येतात. हाफलिंगमध्ये फार काही नाही: वेग ३० झाला, लपण्याची खुबी सगळ्यांना मिळाली. पण इथे रेसबाहेरचा एक नियम बघा. पूर्वी लहान आकाराच्या कॅरेक्टरला हेवी शस्त्र चालवताना डिसॲडव्हान्टेज असे. आता आकार बघत नाहीत, जवळच्या शस्त्राला स्ट्रेंग्थ १३ आणि दूरच्याला डेक्स्टेरिटी १३ असली की झालं.

सावधान: सारखी नावं. हाफ-ऑर्कचं सॅव्हेज अटॅक्स आणि सोल्जर बॅकग्राउंडची सॅव्हेज अटॅकर ही फीट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्यात क्रिटिकल हिटला (फाशावर २० पडून बसलेल्या घावाला) एक फासा जास्त, दुसरीत टर्नमधून एकदा डॅमेजचे फासे दोनदा टाकून चांगले ते घ्यायचे.

## टप्पा ५: गुण किती वेळा वापरता येतो ते तुमच्या टेबलावर मोजा

हा टप्पा सगळे गाळतात. जुन्या रेसमधल्या काही गोष्टी शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) परत मिळायच्या. नव्यांतल्या बऱ्याच प्रोफिशियन्सी बोनसाएवढ्या वेळा वापरता येतात आणि लाँग रेस्टनंतरच परत येतात. कोणती चांगली, हे पुस्तकात नाही, तुमच्या सवयीत आहे.

ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखा घातक श्वास सोडणारी रेस) घ्या. पाचव्या लेव्हलला जुना श्वास २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे), सरासरी ७, रेस्टमागे एकदा आणि अख्खी ॲक्शन खर्च. नवा श्वास २डी१०, सरासरी ११, दिवसातून तीनदा आणि अटॅक ॲक्शनमधला फक्त एक हल्ला खर्च. शंकू की रेषा हेही दर वेळी ठरवता येतं. दोन लाँग रेस्टच्या मध्ये एक शॉर्ट रेस्ट होत असेल तर सेव्ह चुकलेल्या एका शत्रूमागे जुना १४, नवा ३३. सहाव्या लेव्हलला जुना ३डी६ होतो. तेव्हा दोन शॉर्ट रेस्ट घेणाऱ्या टेबलावर जुना साडेएकतीसपर्यंत पोचतो आणि फरक जवळजवळ मिटतो. मात्र त्यासाठी तीन अख्ख्या ॲक्शन गेलेल्या असतात.

आमच्याकडे रविवारी मेगाब्लॉक असला की तीनचं सेशन चारला सुरू होतं, आठला डोंबिवलीवाला घड्याळ बघायला लागतो, आणि शॉर्ट रेस्ट घ्यायला कोणाला फुरसत नसते. आमच्यासाठी नवा ड्रॅगनबॉर्न डोळे झाकून सरस. तुम्ही रात्रभर खेळत असाल आणि डीएम श्वास घ्यायला वेळ देत असेल तर स्वतःचं गणित करा.

तसंच डार्कव्हिजनचं. नकाशा न मांडता तोंडीच खेळत असाल तर ६० आणि १२० मधला फरक कागदावरच राहतो.

तपासा: गेली तीन सेशन आठवा. दोन लाँग रेस्टमध्ये खरोखर किती शॉर्ट रेस्ट झाल्या? तो आकडा वापरा. पुस्तकातली आदर्श दिवसाची कल्पना नको.

## टप्पा ६: नव्या पुस्तकात नसलेल्या रेस

२०१४ मध्ये ९ रेस होत्या, २०२४ मध्ये १० आहेत. आसिमार, गोलायथ आणि ऑर्क आले, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क निघाले. निघाले म्हणजे बंद झाले असं नाही. पहिल्या टप्प्यातल्या दुसऱ्या शक्यतेने ते चालतात.

हाफ-एल्फचे +२, +१, +१ सोडून द्या. डार्कव्हिजन, फे ॲन्सेस्ट्री (मोहिनी घालणाऱ्या जादूविरुद्धचा टणकपणा) आणि दोन स्किल्स उरतात. बरं कॅरेक्टर आहे, पण पूर्वीचा तोरा नाही. हाफ-ऑर्कसमोर नवा ऑर्क ठेवताना बघा: मरतामरता एका हिट पॉइंटवर टिकणं दोघांकडे आहे. ऑर्कला बोनस ॲक्शनमध्ये धावणं आणि तात्पुरते हिट पॉइंट मिळतात, हाफ-ऑर्ककडे क्रिटिकलचा जादा फासा आहे. मोठी कुऱ्हाड चालवणाऱ्याने हाफ-ऑर्क ठेवावा, असं माझं मत.

जुना साधा ह्युमन मात्र आणू नका. त्याचं सगळं वैभव सहाही स्कोअरच्या +१ मध्ये होतं. ते काढलं की हाती एक जादा भाषा उरते. उलट व्हेरियंट ह्युमनमध्ये पळवाट आहे: वाढ सोडली तरी जुन्या पुस्तकातली कोणतीही फीट पहिल्या लेव्हलला राहते, वर बॅकग्राउंडची ओरिजिन फीट. नव्या नियमात जी फीट चौथ्या लेव्हलच्या आधी मिळत नाही तीही अशी हातात पडते. माझ्या टेबलावर व्हेरियंट ह्युमन बंद आहे. नवा ह्युमन एक स्किल, एक ओरिजिन फीट आणि लाँग रेस्टनंतर हिरोइक इन्स्पिरेशन (एक फासा पुन्हा टाकायची संधी) घेऊन येतो, तेवढं पुष्कळ झालं.

## टप्पा ७: एकच लढाई दोनदा

आता दोन शीट तयार आहेत, जुनी आणि नवी, एकाच लेव्हलच्या. वीस बाजूंचा फासा वीस वेळा टाका आणि आकडे ओळीने लिहून ठेवा. तीच यादी दोन्ही लढायांना वापरायची, म्हणजे नशिबाचा दोष रेसला लागत नाही. समोर एकच शत्रू, समजा ओगर. तो दोन्ही वेळा एकाच पुस्तकातला घ्या, कारण २०२५च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षसांचेही आकडे बदललेत. चार फेऱ्या खेळा. रेसचा कोणताही गुण वापरला की पेन्सिलीने रेघ मारा. शेवटी हिट पॉइंट मोजण्याआधी रेघा मोजा.

सावधान: लढाईची जागा सुद्धा निकाल फिरवते. आम्ही क्लेरिकची चाचणी सराईच्या माळ्यावर घेतली. जमीन लाकडी, त्यामुळे नव्या स्टोनकनिंगसमोर एकही रेघ नाही, आणि डोंबिवलीवाला पुन्हा जुन्या ड्वार्फच्या बाजूने बोलायला लागला. पुढच्या रविवारी तीच यादी, तोच ओगर, पण गुहेत आणि अंधारात खेळलो. दोन रेघा पडल्या.